काळप्रवासी आणि त्याचे आप्तजन

एखाद्या मनुष्यास काळाच्या प्रवाहांत मागें किंवा पुढें जातां आलें, तर तेथें भेटणाऱ्या आपल्याच माणसांशीं त्याचें नातें कोणतें राहील? बाप मुलापेक्षां वयानें लहान निघाला, तर मुलानें त्यास काय म्हणून हाक मारावी? आणि वाटेंत त्या प्रवाशास स्वतःचेंच तरुणपण भेटलें, तर त्या दोघांस एक मनुष्य मानावें कीं दोन? हे प्रश्न विद्वानांच्या सभेंतले नव्हत. ते आमच्या शाळेच्या मधल्या सुटींत विचारले जातात, आणि कधीं कधीं इतक्या हिरिरीनें कीं घंटा झाल्याचें भानही उरत नाहीं. पालकांपैकीं पुष्कळांस हें सिनेमानें लाविलेलें वेड वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या मुलास "हा थेट आज्याच्या वळणावर गेला" किंवा "हा पुढें डॉक्टर होणार" असें रोज ऐकावें लागतें, त्यास आपण आज कोण आहों आणि पुढें कोण होणें आपणांस भाग आहे, हा प्रश्न पडणें साहजिक आहे. गोष्टींतील वीर तोच प्रश्न जरा मोठ्यानें विचारतो, इतकेंच. म्हणून त्या वीराच्या गोतावळ्याची येथें थोडी उकल करूं, आणि तिच्यासाठीं आपल्याच मुलखांतील कांहीं माणसें साक्षीस बोलावूं.

ज्याच्यावरून हा वाद चालतो त्याचें नांव केबल. अमेरिकेंतील मार्व्हल कंपनीच्या 'एक्स-मेन' ह्या चित्रकथांतील हें पात्र १९९० सालीं वाचकांपुढें आलें, तें पिकल्या केसांचा व धातूच्या हाताचा एक रांगडा योद्धा म्हणून. तो कोणाचा कोण हें तेव्हां कोणी सांगितलें नव्हतें. पुढें लेखकांनीं त्याचा धागा १९८६ सालच्या एका अंकांत जन्मलेल्या तान्ह्या मुलाशीं नेऊन जोडिला. त्या मुलाचें नांव नेथन. बाप स्कॉट समर्स, ज्यास सायक्लॉप्स म्हणतात. आई मॅडलिन प्रायर. परंतु ही मॅडलिन म्हणजे स्कॉटची पूर्वीची प्रेयसी जीन ग्रे हिच्या शरीराच्या पेशींपासून घडविलेली हुबेहूब प्रतिकृति. तेव्हां रक्ताच्या हिशेबानें जीन ही नेथनची आई होते, आणि प्रसूतीच्या हिशेबानें कोणीच होत नाहीं. १९९१ सालच्या कथेंत त्या बाळास असा रोग जडतो कीं, त्याचें मांस हळूहळू धातु बनूं लागतें. त्या काळांत औषध नाहीं, म्हणून बाप काळजावर दगड ठेवून त्यास भविष्यकाळांतून आलेल्या एका स्त्रीच्या हवालीं करितो. दूरच्या भविष्यांत त्याचें संगोपन कोणी केलें? तर स्कॉट आणि जीन ह्यांच्याच मनांनीं, परक्या देहांत राहून. आणि त्यांस तेथें ओढून नेणारी वृद्धा होती रेचेल, म्हणजे दुसऱ्याच एका भविष्यांत जन्मलेली स्कॉट व जीन ह्यांची मुलगी. बहीण आजीच्या वयाची, आईबाप परक्या चेहऱ्यांचे, आणि मुलगा बापापेक्षां म्हातारा! हा वंशवृक्ष फळ्यावर काढावयाचा म्हटलें तर खडूची एक कांडी पुरत नाहीं. आम्हीं तो प्रयत्न करून पाहिला आहे.

खरा वाद पेटला तो २०१८ सालच्या 'एक्स्टर्मिनेशन' ह्या कथेपासून. तींत केबलचें तरुण रूप काळाच्या वाटेनें येतें आणि थोरल्या केबलचा वध करितें. कारण असें दिलें आहे कीं, जुन्या काळांतून आणलेल्या एक्स-मेनच्या पांच मूळ सभासदांस त्यांच्या काळीं परत पोंचविणें अवश्य होतें, नाहींतर पुढचा सर्व इतिहास बिघडला असता. थोरल्यानें त्या कामीं कुचराई केली, सबब धाकट्यानें त्यास दूर सारून तें काम अंगावर घेतलें. वाचकांत लागलींच तट पडले. एक पक्ष म्हणतो, ज्यानें तीस वर्षें आमच्या देखत लढाया केल्या, जखमा सोसल्या, होप नांवाच्या पोरक्या मुलीस लेक मानून वाढविली, तो आमचा केबल. हा पोरगा त्याच्या नांवावर व घरावर हक्क सांगणारा उपटसुंभ. दुसरा पक्ष विचारतो, अरे, हक्क कसला सांगतो? तो तोच आहे. जें थोरल्यानें पुढें केलें तें सारें ह्याच्याच हातून व्हावयाचें आहे.

येथें तर्काची एक गांठ नीट सोडविली पाहिजे. काळप्रवासाच्या चर्चेंत आजोबांचा पेच म्हणून एक कोडें प्रसिद्ध आहे. फ्रेंच लेखक रने बार्जाव्हेल ह्यानें १९४३ सालच्या आपल्या कादंबरींत त्यास हात घातला होता. मनुष्य मागें जाऊन आपल्या आज्यास, त्याचें लग्न होण्यापूर्वींच, मारितो. मग बाप जन्मत नाहीं, बाप नाहीं म्हणून तो स्वतः जन्मत नाहीं. आणि मारणाराच जन्मला नाहीं तर आजा मेला कसा? बसल्या फांदीवर घाव घालणारा निदान खालीं पडतो. येथें तर घाव घालणारा कोणी उरतच नाहीं. परंतु धाकट्या केबलच्या कृत्यांत असा पेच नाहीं, हें पुष्कळ मुलांच्या ध्यानांत येत नाहीं. थोरल्यानें धाकट्यास मारिलें असतें तर आपलेंच मूळ खुडलें असतें. धाकट्यानें थोरल्यास मारिलें, ह्यानें धाकट्याच्या जन्मास कोठेंच बाध येत नाहीं; त्यास फक्त आपला मृत्यु कसा व कोणाच्या हातून होणार, हें अगोदर कळलेलें असतें. तर्कास जो बाध येतो तो निराळ्या ठिकाणीं. ते दोघे जर खरोखर एकच असतील, तर हा दिवस थोरल्याच्या आठवणींत असावयास पाहिजे. आपण पोरवयांत काय केलें हें ज्यास ठाऊक आहे, तो दारांत उभ्या असलेल्या त्या पोरास पाहून चकित होणार नाहीं. तो चकित होत असेल, तर समजावें कीं ह्या दोघांच्या आयुष्यास मध्येंच कोठें तरी फांटा फुटला आहे.

आजच्या मुलांच्या आईबापांनीं लहानपणीं ह्याच्या उलट असलेला एक वीर पाहिला आहे. १९६४ ते १९९० पर्यंत निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळ, ज्यास इंग्रजींत फँटम म्हणतात, त्यांस आठवत असेल. ली फॉक ह्या लेखकानें तें पात्र १९३६ सालीं निर्माण केलें. रानांतील लोक समजत कीं हा चारशें वर्षें जगतो आहे. वास्तविक बापाच्या मागें मुलगा तोच बुरखा चढवीत आला होता, आणि आपण वाचीत होतों तो एकविसावा. तेथें एकवीस माणसें मिळून एक वेताळ. येथें एका माणसाचे दोन केबल. त्या काळीं ह्या बाबतींत मुलांत फारसा वाद झाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. बापाची जागा मुलानें घ्यावी ह्यांत आपल्याकडे कोणास नवल वाटलें नसावें.

परंतु मधून एखादी पिढी गळाली, किंवा गेलेला मनुष्य पुष्कळ वर्षांनीं परत आला, तर त्यास ओळखावयाचें कोणी? हा प्रश्न महाराष्ट्रांत एकदां चित्रकथेंत नव्हे, प्रत्यक्ष राज्यकारभारांत उपस्थित झाला होता. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सदाशिवरावभाऊ नाहींसे झाले. त्यांच्या अंताविषयीं लोकांत संशय राहिला, आणि कांहीं वर्षांनीं आपणच भाऊसाहेब असें म्हणणारा एक मनुष्य पुढें आला. त्याचें खरें नांव सुखनिदान. त्यास पकडून रत्नागिरीस कैदेंत ठेविलें होतें. १७७६ सालीं तो सुटला, कोंकणांतील किल्ले त्याच्या हातीं गेले आणि हजारों लोक त्याच्या मागें लागले. अखेर तो पकडला जाऊन त्याच वर्षीं पुण्यांत त्यास देहान्त शासन झालें. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई ह्यांनीं मात्र आपलें वैधव्य अखेरपर्यंत मान्य केलें नाहीं. ह्या प्रकरणीं चेहरा, बोलणें, आठवणी, सर्व तपासावें लागलें. कारण राजमुद्रेनें मनुष्याची ओळख पटत नाहीं, ती पटविणारे त्याच्या घरचे असतात. केबलच्या वाचकांनींही अखेर हेंच प्रमाण मानिलें. २०१८ नंतरच्या कथांत स्कॉट आणि जीन ह्यांनीं त्या तरुणास आपल्या घरीं मुलगा म्हणून वागविलें, तेव्हां त्यास उपटसुंभ म्हणणाऱ्यांचा आवाज निम्म्यानें उतरला.

आतां वय आणि नातें ह्यांच्या गोंधळाकडे वळूं. पाश्चात्य वाचकांस ही गोष्ट फार चमत्कारिक वाटते कीं बाप तिशींतला आणि मुलगा साठींतला. आमच्या कवठे महांकाळ तालुक्यांतील कोणत्याही जुन्या मोठ्या घरांतील मनुष्यास ती तितकी चमत्कारिक वाटूं नये. ज्या काळीं सासू आणि थोरली सून एकाच वर्षीं बाळंत होत, त्या काळीं सासूचें शेंडेफळ आणि सुनेचा पहिला मुलगा एकाच पाळण्यांत आळीपाळीनें निजत. पुतण्या सात वर्षांचा, चुलता पांच वर्षांचा, आणि सणाच्या दिवशीं पुतण्यास दटावून सांगावयाचें कीं "काकांच्या पायां पड." पांच वर्षांचे काकाही मोठ्या गंभीरपणें पाय पुढें करीत. वयाची शिडी एक आणि नात्याची शिडी दुसरी. दोन्ही एकमेकींस टेकलेल्या असतात खऱ्या, पण एक नव्हत, हें आपल्या भाषेंतील हांकांनींच आपणांस शिकविलें आहे.

ह्याचें उदाहरण पेशव्यांच्या घरांतच आहे. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदर किल्ल्यावर झाला. दुसरे बाजीराव जन्मले १० जानेवारी १७७५ रोजीं, धार येथें. म्हणजे बाजीराव सुमारें नऊ महिन्यांनीं धाकटे. परंतु बाजीरावांचे वडील रघुनाथराव हे सवाई माधवरावांचे आजोबा नानासाहेब ह्यांचे सख्खे भाऊ. म्हणून नात्यानें बाजीराव हे सवाई माधवरावांचे चुलत चुलते. पुतण्या १७९५ सालीं वारला आणि त्याच्याहून लहान असलेला चुलता पुढच्या वर्षीं गादीवर आला. वंशावळींत पाहिलें तर गादी एक पिढी मागें गेली, आणि दिनदर्शिकेंत पाहिलें तर नऊ महिने पुढें. काळयंत्राची येथें कांहीं आवश्यकता लागली नाहीं.

तथापि, काळयंत्राचा अर्धा भाग खरा आहे, हेंही मुलांस सांगितलें पाहिजे. पुढें जाणें शक्य आहे. भागवताच्या नवव्या स्कंधांत ककुद्मी राजाची कथा आहे. तो आपली कन्या रेवती हिला घेऊन योग्य वर विचारण्यास ब्रह्मलोकीं गेला. तेथें गायन चाललें होतें म्हणून क्षणभर थांबला. आणि प्रश्न विचारतांच ब्रह्मदेव हंसून म्हणाले कीं, तूं मनांत योजिलेले वर, त्यांचे पुत्र, पौत्र, सारे केव्हांच गेले, पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें लोटलीं. रेवती परत आली ती तरुणच, आणि तिचा विवाह बलरामाशीं झाला. कथेचा विषय नव्हता, पण त्या मुलीचें काय झालें असेल ह्याचा विचार मनांतून जात नाहीं: माहेर म्हणून जें होतें त्यांतील एक बाप तेवढा उरला.

अल्बर्ट आइन्स्टाइन ह्यांनीं १९०५ आणि १९१५ सालीं मांडलेल्या सिद्धान्तांप्रमाणें, अति वेगानें जाणाऱ्याचें घड्याळ सावकाश चालतें, आणि प्रबळ गुरुत्वाकर्षणाच्या जवळ असलेल्याचेंही सावकाश चालतें. १९७१ सालीं अमेरिकेंतील दोन शास्त्रज्ञांनीं अत्यंत बिनचूक अशीं अणुघड्याळें प्रवासी विमानांत ठेवून पृथ्वीभोंवतीं फिरविलीं, आणि सेकंदाच्या अब्जांश भागांत कां होईना, फरक हिशेबाप्रमाणें पडला. स्कॉट व मार्क केली हे जुळे बंधू दोघेही अंतराळवीर. स्कॉट हा मार्कहून सहा मिनिटांनीं लहान. २०१५–१६ सालीं तो सलग ३४० दिवस अवकाशस्थानकांत राहून परत आला, तेव्हां तो आपल्या भावापेक्षां आणखी सेकंदाच्या कांहीं हजारांश भागांनीं लहान झालेला होता. फरक हंसण्यासारखा आहे, पण जात तीच. ह्या वाटेनें भाऊ भावाहून लहान होईल, आणि पुरेसा वेग मिळाल्यास बाप मुलाहून लहान होईल. परंतु बाप हा बापच राहील. वयाची शिडी मोडते, नात्याची मोडत नाहीं. म्हणूनच पुढें जाण्याच्या कथा दुःखद असल्या तरी गोंधळाच्या नसतात.

नात्याची शिडी मोडते ती मागें जाण्यानें. आणि येथें आम्हांस आपल्या शेजारच्या कोल्हापुरांत १९ जुलै १९३८ रोजीं जन्मलेल्या जयंत विष्णु नारळीकर ह्यांचें स्मरण करणें अवश्य आहे. केंब्रिजमध्यें फ्रेड हॉइल ह्यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडणारे हे खगोलशास्त्रज्ञ २० मे २०२५ रोजीं पुण्यांत वारले. त्यांचे वडीलही बनारस हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक व सापेक्षतेचे अभ्यासक होते. १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत नारायण विनायक जगताप ह्या नांवाच्या कोणा अप्रसिद्ध लेखकाच्या 'कृष्णविवर' ह्या कथेस पहिलें बक्षीस मिळालें. जगताप म्हणजे नारळीकरच, आपल्या नांवाचीं आद्याक्षरें उलटीं लिहून बसलेले. (मोठ्या नांवाच्या माणसानें नांव झांकून परीक्षेस बसावें, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.)

त्यांची 'गंगाधरपंतांचें पानिपत' ही कथा पुढें अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही घेतली गेली, म्हणून पुष्कळांस माहीत असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा मुंबईंत जाऊन पोंचतात कीं जेथें मराठे पानिपतावर जिंकले आहेत. त्या जगांत विश्वासरावांस लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली. गंगाधरपंत ग्रंथालयांत जाऊन स्वतःचे पांच खंड मागवितात. पहिले चार जसेच्या तसे, पांचवा बदललेला. वाचकांच्या डोळ्यांत भरतो तो हा बदललेला इतिहास, आणि कथेची चर्चा बहुधा त्यावरच होते. आमचें मन मात्र त्याच्या अगोदरच्या एका लहानशा प्रसंगाशीं अडतें. मुंबईंत उतरल्यावर गंगाधरपंत प्रथम एका कचेरींत जातात आणि आपला मुलगा विनय गायतोंडे ह्याच्याबद्दल विचारतात. तेथील बाई यादी पाहते, दुसरी यादी पाहते, इतर शाखांची नोंदही पाहते, आणि मान हलविते. त्या नांवाचा कोणी नाहीं.

मुलगा जन्मलाच नाहीं असें कथा म्हणत नाहीं. ग्रंथालयांतील खंडांवर गंगाधरपंतांचें नांव आहे, त्या अर्थीं त्या जगांतही कोणी गंगाधरपंत झाले असले पाहिजेत. त्यांस मुलगा होता कीं नाहीं, असल्यास तो कोठें नोकरीस आहे, हें कथा सांगत नाहीं. शाळेंतील वादपटूंनीं केबल क्षणभर बाजूस ठेवून हा प्रश्न घ्यावा, अशी आमची शिफारस आहे.

असें कां व्हावें, हें समजण्यास दूर जावयास नको. मिरज स्थानक डोळ्यांसमोर आणावें. पुण्याकडून आलेली गाडी मिरजेस पोंचते. तेथून एक मार्ग कोल्हापुरास, एक बेळगांवकडे, आणि एक आपल्या कवठे महांकाळ व ढालगांववरून पंढरपुरास. (हा तिसरा मार्ग १९२७ सालीं बार्शी लाईट रेल्वेनें बांधिला तेव्हां अडीच फूट रुंदीचा होता; तो आतां मोठा झाला आहे.) स्थानकांत सांधा चार बोटें इकडचा तिकडे झाला, कीं पुढील सर्व गांवें निराळीं. कोल्हापुराच्या मार्गास लागलेल्या डब्यांतील प्रवाशानें खिडकींतून कितीही पाहिलें तरी त्यास दंडोबाचा डोंगर दिसावयाचा नाहीं. डोंगर नाहींसा झालेला नसतो. तो ह्या मार्गावर नसतो. काळप्रवाशानें मागें जाऊन एक सांधा हलविला, तर नवा मार्ग सुरू होतो. आणि जुन्या मार्गावरील स्थानकांवर जीं माणसें त्याची वाट पाहत उभीं होतीं, त्यांच्यापर्यंत ती गाडी जात नाहीं.

पानिपताचा सांधा हलवून पाहूं. विश्वासराव हे नानासाहेबांचे थोरले चिरंजीव. ते वांचले असते तर नानासाहेबांच्या मागें, १७६१ च्या जूनमध्यें, पेशवाई त्यांच्याकडे आली असती, माधवरावांकडे नव्हे. माधवरावांनीं १७६४ सालीं पटवर्धन मंडळींस हैदरअलीच्या बंदोबस्तासाठीं ह्या बाजूस मोठा सरंजाम दिला, तो दिला गेला असता कीं नाहीं कोणी सांगावें! तो नसता तर मिरजेचें संस्थान नाहीं, आणि मिरजेहून निघून १८०१ सालीं चिंतामणरावांनीं वसविलेली सांगलीची राजधानीही नाहीं. नारायणराव पेशवे झाले नसते, तर ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत त्यांचा खून झाला नसता. हें सर्व ऐकून मुलांचे चेहरे उजळतात. कोणास नको आहे खून टाळणें? पण सांधा एकट्या शनिवारवाड्याकडे जाणाऱ्या मार्गाचा हलत नाहीं. पानिपतावरून जे परत आले नाहींत ते परत आले असते, त्यांच्या विधवा विधवा झाल्या नसत्या, ज्यांचीं लग्नें पुढें ढकललीं गेलीं तीं वेळेवर झालीं असतीं. दुसऱ्या घरीं दुसऱ्या मुली सुना म्हणून गेल्या असत्या. अडीचशें वर्षांत असे आठ-दहा पिढ्यांचे विवाह. त्या जगांतही सांगली जिल्ह्याच्या जागीं गांवें असतीं, शाळा असती, वर्ग भरलेला असता. परंतु त्या हजेरीपटावर आज ह्या बांकांवर बसलेल्यांपैकीं एकाचें तरी नांव असतें असें आम्हांस वाटत नाहीं. आईबापांस मूल झालें असतें, पण तें हें नव्हे.

पानिपत जिंकावयास हवें होतें, असें म्हणणारे आमचे पुष्कळ स्नेही आहेत, आणि त्यांची हळहळ आम्ही समजूं शकतों. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, घरांत खेळणाऱ्या आपल्या नातवाकडे पाहून त्यांनीं तो सौदा करावा काय. आजवर कोणी होकार दिलेला नाहीं.

हा हिशेब एकदां मनांत बसला म्हणजे केबलच्या भांडणाचें स्वरूप बदलतें. धाकटा खरा कीं थोरला, हा प्रश्न मागें पडतो. मुलांनीं हेंही पाहिलें पाहिजे कीं केबल दर वेळीं सांधा हलवावयास निघतो तो कोणासाठीं, आणि त्यांत कोण गमावतो. त्या चित्रकथांच्या लेखकांनींही अखेर तरुणास कायमचें थोरल्याच्या जागीं बसविलें नाहीं. २०२१ सालीं संपलेल्या मालिकेंत थोरला परत येतो आणि तरुण आपल्या काळाकडे निघून जातो, कारण तो न गेला तर थोरला होणार कोठून? ज्यांस तो पोरगा आवडूं लागला होता त्यांस हा शेवट रुचला नाहीं. आमच्या मतें तर्कदृष्ट्या दुसरा शेवट शक्य नव्हता, आणि तो रुचला नाहीं ह्यांतच तो चांगला वठल्याची खूण आहे.

२०२४ सालीं निघालेल्या 'एक्स-मेन '९७' ह्या चलच्चित्रमालिकेंत हींच नातीं अधिक सोप्या रीतीनें मांडलीं आहेत. चित्रकथांचा गुंता ज्यांस नको असेल त्यांनीं तेथून आरंभ करावा. तींत तान्ह्या नेथनास रोग जडतो, आणि मॅडलिन व स्कॉट त्यास भविष्यकाळाच्या स्वाधीन करितात. थोड्याच भागांनंतर, मॅडलिन जेनोशा नांवाच्या बेटावर असतां, एक पिकल्या केसांचा मनुष्य अकस्मात् प्रकट होऊन तिला सावध करूं पाहतो. ती त्यास ओळखते. कांहीं दिवसांपूर्वीं जें बाळ तिनें हातांतून सोडलें, तें तिच्याहून वयस्क होऊन तिला वांचवावयास आलेलें असतें. त्याचा उपयोग होत नाहीं. तो क्षणांत ओढला जाऊन नाहींसा होतो आणि बेटावर येणारा संहार येतोच. सर्व काळ ज्याच्या मुठींत आहे त्याच्या हातून आई तेवढी वांचत नाहीं. त्या मालिकेच्या पहिल्या पर्वाच्या अखेरीस स्कॉट व जीन स्वतःच इसवी सन ३९६० मध्यें फेंकले जातात, आणि तेथें त्यांस नेथन भेटतो, एक लहान मुलगा. त्यांनीं त्यास आधीं तान्हा पाहिला, मग म्हातारा पाहिला, आणि आतां पोरवयाचा पाहत आहेत. तो पुढें कोणत्या लढाया लढेल आणि त्याचे केस कधीं पिकतील, ह्याची त्यास स्वतःस कल्पना नाहीं. समोर उभ्या असलेल्या दोघांस आहे. आणि त्यास वाढवावयाचें आहे तें त्यांनाच.